एका नळीच्या दोन नळ्या : श्वासनलिकेच्या घडणीचा इतिहास

जेवतांना हंसूं आलें, किंवा घाईघाईनें पाणी प्यालें, म्हणजे ठसका लागतो. घरांतील वडील माणूस पाठीवर हलकेंच थोपटतें, आणि लहान मूल असेल तर ‘वर पहा, ती चिमणी उडाली’ असें सांगून त्याची मान वर करावयास लावतें. दोन क्षणांत सर्व शांत होतें व जेवण पुढें चालूं होतें. या नित्याच्या अनुभवांत आपल्या शरीररचनेचें एक कोडें दडलेलें आहे, हें मात्र सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. आपल्या गळ्यांत दोन नळ्या एकमेकींस अगदीं लागून आहेत. पुढें श्वासनलिका आणि तिच्या पाठीशीं अन्ननलिका. एकींतून वारा जातो, दुसरींतून अन्नपाणी. असें असतांना दोहोंचीं दारें घशांत जवळजवळ एकाच जागीं आहेत. अन्नाचा कण चुकून पुढल्या दारांत शिरूं लागला, कीं ठसका हा द्वारपाल त्याला बाहेर घालवितो.

मी शिक्षक असतांना फळ्यावर या नळ्यांची आकृति काढून दाखवीत असें. ‘गुरुजी, या इतक्या जवळ कशाला केल्या?’ असें एका विद्यार्थ्यानें एकदां विचारलें, तेव्हां मजजवळ उत्तर नव्हतें. उत्तर मला पुढें वाचनांत सांपडलें, आणि तें असें कीं, या नळ्या जवळ आणलेल्या नाहींत. त्या मुळांत दोन नव्हत्याच. मातेच्या उदरांत चौथ्या आठवड्याच्या सुमारास गर्भ चारपांच मिलिमीटरांहून मोठा नसतो. त्या वेळीं त्याच्या गळ्याच्या जागीं एकच नळी असते. तिच्या पुढल्या अंगास एक लहानसा फुगवटा येतो, त्या फुगवट्याच्या खालच्या टोंकास दोन कोंब फुटतात, आणि पुढील कांहीं दिवसांत ती एक नळी उभी विभागून दोन होतात. पुढली ती श्वासनलिका, मागली ती अन्ननलिका आणि ते दोन कोंब म्हणजे आपलीं फुप्फुसें. ही वाटणी कोण करवितें, आणि ती चुकली म्हणजे काय होतें, या प्रश्नांचा इतिहास आज मी आपणांपुढें ठेवणार आहें.

प्रश्न नवा नाहीं. गर्भामध्यें आधीं कोणता अवयव उत्पन्न होतो, याची चर्चा आपल्या सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत आलेली आहे. कोणी म्हणतो मस्तक, कोणी म्हणतो हृदय, कोणी नाभि, तर कोणी हातपाय. या सर्व मतांचा उल्लेख करून शेवटीं धन्वंतरीचा निर्णय दिला आहे, कीं सर्व अंगें एकदमच उत्पन्न होतात. अतिसूक्ष्म असल्यामुळें तीं आरंभीं वेगळीं दिसत नाहींत इतकेंच. दृष्टान्त आंब्याचा आणि वेळूच्या कोंबाचा दिला आहे. कोवळ्या आंब्यांत गर, केसर आणि कोय हीं निरनिराळीं ओळखूं येत नाहींत. फळ पिकलें म्हणजे तींच स्पष्ट होतात.

तिकडे ग्रीस देशांत, इसवी सनापूर्वीं चौथ्या शतकांत, ॲरिस्टॉटलनें दुसरी वाट धरली. कोंबडी उबवीत असलेलीं अंडीं निरनिराळ्या दिवशीं फोडून त्यानें आंत काय दिसतें तें पाहिलें. तीन दिवस आणि तीन रात्री लोटल्यावर पांढऱ्या बलकांत रक्ताचा एक ठिपका उडतांना दिसतो, तें हृदय होय, असें त्यानें नमूद केलें. त्याचें मत असें पडलें, कीं अवयव एकामागून एक नव्यानें घडतात. सर्व एकदम कीं एकामागून एक, असे हे दोन पक्ष. पुढें दोन हजार वर्षें युरोपांतील विद्वान याच दोन पक्षांत वांटले गेले.

रुधिराभिसरणाचा शोध लावणारा इंग्रज वैद्य विल्यम हार्वे यानें १६५१ सालीं प्राण्यांच्या उत्पत्तीवर ग्रंथ प्रसिद्ध केला व ॲरिस्टॉटलचा पक्ष उचलून धरला. परंतु त्याच शतकांत सूक्ष्मदर्शक यंत्र विद्वानांच्या हातीं आलें आणि पारडें फिरलें. इटलींतील मार्चेल्लो माल्पीगी यानें १६७३ सालीं अंड्यांतील पिलाच्या घडणीवर निबंध लिहिला. यंत्राखालीं त्याला अगदीं आरंभींच्या अवस्थेंतहि पिलाच्या अंगांच्या रेषा दिसल्या. त्यावरून पुष्कळांनीं असें अनुमान बांधलें, कीं गर्भांत सर्व शरीर आधींच तयार असतें. वाढ म्हणजे केवळ मोठें होणें. या माल्पीगीचें आणखी एक काम येथें सांगून ठेवतों, कारण पुढें त्याची आठवण काढावी लागणार आहे. १६६९ सालीं त्यानें रेशमाच्या किड्याची चिरफाड करून असें दाखविलें, कीं कीटकांना फुप्फुसें नसतात. त्यांच्या अंगांत हवेच्या बारीक नळ्यांचें झाडासारखें जाळें पसरलेलें असतें.

हा पांडित्याचा वाद चाललेला असतां, १६९७ सालीं लंडनमध्यें प्रसिद्ध झालेल्या शरीररचनेवरील एका पुस्तकांत टॉमस गिब्सन या वैद्यानें एका नवजात अर्भकाची हकीकत लिहून ठेवली. मूल भुकेलेलें होतें. दिलेलें अन्न तें आतुरतेनें तोंडांत घेई. पण गिळूं लागलें कीं त्याचा जीव घुसमटे, आणि घेतलेलें सारें बाहेर पडे. अर्थात् तें जगलें नाहीं. मृत्यूनंतर त्याचें शरीर उघडून पाहिलें, तेव्हां अन्ननलिकेचा वरचा भाग खालीं बंद पिशवीसारखा संपलेला आढळला. आणि पोटाकडून वर येणारा खालचा भाग श्वासनलिकेला जाऊन मिळालेला होता. एका नळीच्या दोन नळ्या होतांना वाटणी चुकली होती. या विकृतीचें असें स्पष्ट वर्णन प्रथम गिब्सननें केलें. सर्व शरीर आरंभापासून तयारच असतें असें मानावयाचें, तर या अर्भकाची ही व्यंगयुक्त नळीहि कोणीं आधींच तयार करून ठेविली होती असें म्हणणें प्राप्त होतें. या बिचाऱ्या जीवाचें कोडें त्या सिद्धान्तांत कोठेंच बसत नव्हतें.

त्या सिद्धान्तास खरा तडा गेला तो कास्पर फ्रीडरिख वोल्फ या जर्मन संशोधकाच्या निरीक्षणानें. १७५९ सालीं त्यानें हाले येथील विद्यापीठास आपला प्रबंध सादर केला, आणि पुढें रशियांत सेंट पीटर्सबर्ग येथें राहून १७६८ व १७६९ या सालीं कोंबडीच्या पिलाचें आंतडें कसें बनतें याचें वर्णन प्रसिद्ध केलें. त्याला असें दिसलें, कीं आंतडें आरंभीं नळीच्या रूपानें नसतेंच. तें एका पातळ, सपाट पानाच्या रूपानें असतें. त्या पानाच्या कडा हळूहळू वळतात, एकमेकींस भेटतात व जुळतात, आणि मग नळी होते. केळीच्या पानाची सुरळी करावी तसा हा प्रकार. जी वस्तु कालपर्यंत पान होती ती आज नळी झाली. तेव्हां ती प्रथमपासून नळीच होती, फक्त लहान होती, हें म्हणणें टिकेना. श्वासनलिका ज्या नळींतून निघते ती हीच नळी, तिचाच वरचा भाग.

एकोणिसाव्या शतकांत हें ज्ञान पद्धतशीर झालें. क्रिस्टियन पँडर यानें १८१७ सालीं पिलाच्या आद्य शरीराचे तीन थर दाखविले, आणि कार्ल एर्न्स्ट फॉन बेअर यानें १८२८ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत इतर प्राण्यांतहि तेच थर असल्याचें सिद्ध केलें. पुढील गोष्ट कळण्यासाठीं यांपैकीं दोन थर लक्षांत ठेवावे. सर्वांत आंतल्या थरापासून नळीचें आंतील अस्तर होतें. मधल्या थरापासून त्या अस्तराभोंवतालचें वेष्टन होतें. श्वासनलिकेचे स्नायू आणि कूर्चेचीं कडीं हीं या वेष्टनांतून येतात. अंगरख्याला अस्तर असतें आणि वरचें कापड असतें, तसेंच हें.

लाइपझिग येथील प्राध्यापक विल्हेल्म हिस यानें मानवी गर्भाचे अत्यंत पातळ काप घेऊन ते क्रमानें जुळविण्याची विद्या वाढविली, आणि १८८७ सालीं मानवी गर्भांत फुप्फुसें कशीं बनतात याचें वर्णन छापलें. एक नळी, पुढें फुगवटा, खालीं दोन कोंब, हा क्रम त्यानें माणसाच्या गर्भांत दाखवून दिला. कारण विचारलें असतां तो म्हणे, कीं हें सारें घड्या पडण्याचें काम आहे. रबराची नळी वांकविली असतां जशा सुरकुत्या पडतात, तशाच वाढत्या थरांतहि ठरल्या जागीं घड्या पडतात. हें म्हणणें चुकीचें नव्हतें, अपुरें होतें. रबराची नळी वांकविणारा हात आपल्याला दिसतो. गर्भांत तो हात कोणाचा?

या प्रश्नाचें उत्तर अगदीं अनपेक्षित ठिकाणीं सांपडलें. जर्मनींत फ्रायबुर्ग येथें हान्स श्पेमान आणि त्याची विद्यार्थिनी हिल्डे मांगोल्ड हीं न्यूट नांवाच्या, पाण्यांत राहणाऱ्या पालीसारख्या प्राण्याच्या अंड्यांवर प्रयोग करीत होतीं. त्यांनीं दोन जाति घेतल्या, एक फिकट रंगाची व एक गडद. हेतु हा, कीं कोणती पेशी कोणाची हें रंगावरून ओळखूं यावें. फिकट गर्भाच्या पाठीकडील एक ठराविक इवलासा तुकडा कापून त्यांनीं तो गडद गर्भाच्या पोटाकडील बाजूस बसविला. थोड्या दिवसांनीं तेथें दुसरा गर्भ दिसूं लागला, पाठीचा कणा व मज्जारज्जु यांसह, पहिल्यास जोडून. आणि मौज ही, कीं या दुसऱ्या गर्भाचा बराच भाग गडद पेशींचा होता. म्हणजे त्या तुकड्यानें स्वतः वाढून सारें शरीर केलें नव्हतें. त्यानें शेजारच्या पेशींना सांगून करविलें होतें. ज्या पेशी पोटाची कातडी व्हावयाच्या त्या शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मज्जारज्जु झाल्या. १९२४ सालीं हा प्रयोग प्रसिद्ध झाला. त्याच वर्षीं हिल्डे मांगोल्ड घरांत भडका होऊन भाजल्या व त्यांतच त्यांचा अंत झाला. तिशीहि त्यांनीं पाहिली नाहीं. १९३५ सालीं श्पेमान यांस नोबेल पारितोषिक मिळालें.

पेशी शेजाऱ्यांशीं बोलतात, हें कळलें. पण कोणत्या शब्दांनीं बोलतात तें कळेना. मारून टाकलेला तुकडाहि हें काम करूं शकतो, असें १९३२ सालीं आढळलें. अर्थात् हा शब्द म्हणजे एखादें रासायनिक द्रव्य असलें पाहिजे. परंतु तें द्रव्य वेगळें काढण्याचे सर्व यत्न पुढें कित्येक दशकें फसत राहिले.

दरम्यान श्वासनलिकेवर स्वतंत्र प्रयोग झाले, आणि ते मला फार मनोरम वाटतात. १९६२ सालीं अलेशिओ व कास्सीनी या दोन संशोधकांनीं उंदराच्या गर्भांतील श्वासनलिका काढून काचेच्या भांड्यांत जिवंत ठेविली. फुप्फुसाच्या नळ्यांना झाडासारख्या शाखा फुटतात. श्वासनलिका मात्र सरळ राहते, हें आपण जाणतों. त्यांनीं श्वासनलिकेच्या अस्तरावरील वेष्टनाचा थोडा भाग सोलून काढला, आणि त्या जागीं फुप्फुसाच्या नळीवरचें वेष्टन चिकटविलें. कधींहि शाखा न फुटणाऱ्या श्वासनलिकेस त्याच जागीं कोंब फुटला! १९७० सालीं अमेरिकेंत वेसेल्स यानें हा प्रयोग पुढें नेला, आणि उलट बाजूहि दाखविली. फुप्फुसाच्या अस्तरावर श्वासनलिकेचें वेष्टन घातलें, तर शाखा फुटणें थांबतें. तेव्हां सरळ राहावें कीं फुटावें, हें अस्तर आपल्या मनानें ठरवीत नाहीं. भोंवतालचें वेष्टन त्याला तें सांगतें.

आतां राहिले ते शब्द. ते सांपडले फळांवर बसणाऱ्या क्षुद्र माशींत. १९८० सालीं हायडेलबर्ग येथें क्रिस्टियाने न्युसलाइन-फोल्हार्ड आणि एरिक वीशाउस यांनीं एक निबंध प्रसिद्ध केला. माशींतील आनुवंशिक लेखाचीं एकेक अक्षरें बिघडवून गर्भाच्या घडणींत काय व्यंग येतें, याची त्यांनीं जंत्री केली होती. या लेखाच्या एकेका घटकास जनुक म्हणतात. एक जनुक बिघडला असतां माशीच्या अळीच्या अंगावर सर्वत्र बारीक काटे दिसत. युरोपांत हेजहॉग नांवाचा, साळिंदराहून लहान, कांटेरी प्राणी असतो. म्हणून त्या जनुकास ‘हेजहॉग’ हें नांव पडलें. या कार्याबद्दल दोघांना, एडवर्ड लुइस यांच्यासह, १९९५ सालीं नोबेल पारितोषिक देण्यांत आलें. १९९३ सालीं या माशीच्या जनुकाचे भाऊबंद कोंबडी, उंदीर आणि मासा यांत सांपडले. त्यांतील एकाचें नांव संशोधकांनीं मुलांच्या एका खेळांतील पात्रावरून ‘सॉनिक हेजहॉग’ असें ठेविलें. नांव पोरकट खरें, परंतु काम गंभीर. या जनुकाच्या आज्ञेनें पेशी एक प्रथिन बाहेर सोडते, आणि शेजारच्या पेशींस तें पोंचलें म्हणजे त्या आपलें वर्तन बदलतात. श्पेमानच्या शेजारधर्मांतील हा एक प्रत्यक्ष शब्द होय.

येथें माल्पीगीच्या रेशमी किड्याची आठवण करावी. माशीच्या अंगांतहि तसेंच हवेच्या नळ्यांचें जाळें असतें. तें कसें पसरतें याचा शोध करतां करतां दोन जनुक सांपडले. एकाचें नांव ‘ब्रेदलेस’, म्हणजे श्वासहीन, आणि १९९६ सालीं वर्णिलेल्या दुसऱ्याचें ‘ब्रँचलेस’, म्हणजे शाखाहीन. नळीबाहेरच्या कांहीं पेशी ‘ब्रँचलेस’चें प्रथिन सोडतात, नळीच्या पेशींवर ‘ब्रेदलेस’चें प्रथिन कानासारखें बसलेलें असतें, आणि हांक जिकडून ऐकूं येईल तिकडे नळी वाढत जाते. हांक मारणाऱ्या या प्रथिनाचा सस्तन प्राण्यांतील एक आप्त म्हणजे ‘एफ-जी-एफ-१०’. उंदरांतून त्याचा जनुक काढून टाकला तेव्हां काय दिसलें, तें १९९८ व १९९९ या सालीं अमेरिकेंत व जपानांत प्रसिद्ध झालें. त्या पिलांना फुप्फुसेंच नव्हतीं. पण श्वासनलिका होती! ती सरळ खालीं येऊन आंधळ्या गल्लीसारखी संपली होती. अलेशिओ, कास्सीनी आणि वेसेल्स यांनीं चिमट्यानें दाखविलेली गोष्ट येथें रसायनानें सिद्ध झाली. श्वासनलिका घडविणारे संदेश वेगळे, आणि फुप्फुसाच्या शाखा फोडणारे संदेश वेगळे.

मग श्वासनलिका घडविणारे संदेश कोणते? एकत्र कुटुंबांतील दोन भाऊ वेगळे निघतात तेव्हां जो क्रम असतो, तोच येथें आहे. प्रथम कोणता भाग कोणाचा हें ठरावें लागतें, आणि नंतर मधली भिंत घालावी लागते.

हक्क ठरविण्याचें काम पुढील बाजूच्या वेष्टनाकडून येणारे संदेश करतात. त्यांतील ‘विंट’ वर्गाचे संदेश बंद केले, तर नळीच्या पुढल्या भागाला श्वासनलिका होण्याची ओळखच मिळत नाहीं. श्वासनलिका नाहीं आणि फुप्फुसेंहि नाहींत, असें २००९ सालीं उंदरांत दिसून आलें. संदेश पोंचले म्हणजे पुढल्या पेशींत ‘एन-के-एक्स-२-१’ नांवाचा जनुक जागा होतो, आणि मागल्या पेशींत ‘सॉक्स-२’ नांवाचा जनुक प्रबळ राहतो. पहिला श्वासनलिकेची निशाणी, दुसरा अन्ननलिकेची. पहिला काढून टाकला, तर नळी विभागत नाहीं, हें १९९९ सालीं कळलें. दुसरा उणा पडला, तर मागल्या भागालाहि श्वासनलिकेची कळा येते व वाटणी बिघडते, हें २००७ सालीं कळलें. पुढल्या बाजूचा ‘बी-एम-पी’ नांवाचा संदेश मागल्या बाजूस अतिक्रमण करूं नये म्हणून त्याला अडविणारें एक प्रथिन मागें असतें. त्याचें नांव ‘नॉगिन’. हा नॉगिन प्रथम १९९२ सालीं बेडकाच्या गर्भांत सांपडला, आणि तो कोठें सांपडला म्हणाल, तर श्पेमान आणि मांगोल्ड यांनीं उचललेल्या त्याच तुकड्याच्या जागीं! ज्या शब्दाचा शोध दशकानुदशकें चालला होता त्यांपैकीं एक शब्द हा होता. २००६ सालीं असें आढळलें, कीं नॉगिन नसलेल्या बऱ्याच उंदरांत अन्ननलिका व श्वासनलिका यांची वाटणी चुकते, तीहि गिब्सनच्या त्या अर्भकासारखी.

भिंत घालण्याच्या कामांत सॉनिक हेजहॉगचा मोठा वाटा आहे. तो जनुक नसलेल्या उंदरांत दोन नळ्या नीट अलग झाल्या नाहींत, असें १९९८ सालीं दिसलें. भिंत प्रत्यक्ष कशी पडते, हें २०१९ सालीं अमेरिकेंत सिनसिनाटी येथील संशोधकांनीं बेडूक व उंदीर यांच्या गर्भांत दाखविलें. नळीच्या डाव्याउजव्या बाजू मध्यभागीं आंत ओढल्या जातात व एकमेकींस भिडतात. भिडलेल्या पेशी आपले जुने हात सोडतात, सांध्याचीं द्रव्यें पेशींच्या आंत ओढून घेतात, आणि नवीन रांगेंत उभ्या राहून दोन नळ्या मोकळ्या करतात. वोल्फनें पानाच्या कडा जुळतांना पाहिल्या होत्या. हा त्याच विद्येचा दुसरा पाठ.

वाटणी झाल्यावरहि संभाषण संपत नाहीं. प्रौढ माणसाची श्वासनलिका सुमारें १० ते १२ सेंटिमीटर लांब असते, आणि तिच्यांत घोड्याच्या नालेच्या आकाराचीं १६ ते २० कूर्चेचीं कडीं असतात. कडें मागल्या बाजूस उघडें असतें, म्हणून घास उतरतांना अन्ननलिकेस फुगावयास जागा मिळते. आणि पुढून घट्ट असतें, म्हणून श्वास घेतांना नळी मिटत नाहीं. हीं कडीं वेष्टनांत बनतात, पण त्यांसाठीं अस्तराकडून हेजहॉगचा संदेश यावा लागतो. तो न आल्यास कडीं बनतच नाहींत. म्हणजे वेष्टन अस्तराला शिकवितें आणि अस्तर वेष्टनाला. कडीं एकसारख्या अंतरावर कशीं पडतात, याचा विचार करतांना संशोधक ॲलन ट्युरिंग या गणितज्ञाच्या १९५२ सालच्या निबंधाकडे वळतात. एक उत्तेजन देणारें व एक आवरणारें, अशीं दोन द्रव्यें निरनिराळ्या वेगानें पसरूं लागलीं, तर आपोआप पट्टे उमटूं शकतात, असें त्यानें गणितानें दाखविलें होतें.

आतां त्या अर्भकांकडे वळूं. सुमारें ३,००० ते ४,००० जन्मांत एका बालकाची अन्ननलिका अशी तुटलेली असते. गिब्सनच्या काळापासून सुमारें अडीच शतकें हा निश्चित मृत्यु होता. १९३९ सालीं अमेरिकेंत अनेक टप्प्यांच्या शस्त्रक्रियांनीं कांहीं बालकें प्रथम वांचलीं. १९४१ सालच्या मार्च महिन्यांत मिशिगन विद्यापीठांतील शल्यविशारद कॅमेरॉन हेट यांनीं बारा दिवसांच्या एका मुलीची चुकीची वाट बंद केली, अन्ननलिकेचीं दोन टोंकें एकाच शस्त्रक्रियेंत जोडलीं, आणि ती मुलगी जगली. सॉनिक हेजहॉगचें नांवहि तेव्हां कोणास ठाऊक नव्हतें. आज सुसज्ज रुग्णालयांत अशीं बहुसंख्य बालकें वांचतात. मात्र वेळ गमावतां कामा नये. नवजात बालकाच्या तोंडाशीं सारखा फेंस येत असेल, पहिल्याच घोटाला तें घुसमटून निळें पडत असेल, तर पुन्हा पाजण्याचा यत्न न करतां त्याला तत्काळ डॉक्टरांकडे न्यावें.

आणि एक गोष्ट, जी सांगण्यासाठीं मी हा सारा इतिहास आपणांपुढें मांडला. असें मूल जन्मास आलें, म्हणजे आपल्या घरांतून पहिला प्रश्न त्याच्या आईला विचारला जातो. ग्रहण पाळलें नाहींस काय? त्या वेळीं विळीवर भाजी चिरलीस काय? कोठें जाऊं नये तेथें गेली होतीस काय? शिकल्यासवरल्या घरांतहि हे प्रश्न, उघड नाहीं तरी कुजबुजीच्या रूपानें, होतात, हें आपण मान्य केलें पाहिजे. या प्रश्नांना गर्भशास्त्रानें दिलेलें उत्तर स्पष्ट आहे. ही वाटणी चौथ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते आणि थोड्याच आठवड्यांत आटोपते. त्या वेळीं मातेला पुष्कळदां दिवस राहिल्याची चाहूलहि नीट लागलेली नसते. कांहीं बालकांत सॉक्स-२ सारख्या जनुकांतील बिघाड दाखवितां आला आहे. बहुतेकांत कोणतेंहि एक कारण हातीं लागत नाहीं. भाताच्या शितापेक्षांहि लहान देहांत हजारों पेशी एकमेकींस निरोप देत असतात, आणि एखादा निरोप पोंचत नाहीं. तो निरोप आईनें लिहिलेला नसतो, आणि तिनें अडविलेलाहि नसतो.

सुश्रुताच्या काळापासून विचारलेल्या प्रश्नाचें उत्तर शोधतां शोधतां विद्वानांना कोंबडीचें अंडें, रेशमाचा किडा, न्यूट, बेडूक, उंदीर आणि फळावरची माशी यांच्या दारीं जावें लागलें. त्या उत्तराचा उपयोग शल्यविशारदाला होईल तेव्हां होवो. आपल्यासारख्या सामान्य गृहस्थांना त्याचा उपयोग आजच आहे. ज्या घरीं असें बालक जन्मलें असेल तेथें जाऊन त्या मातेला दोन धीराचे शब्द सांगावे, आणि तिच्याकडे वळलेलीं बोटें खालीं घ्यावयास लावावीं. इतकें सांगून आपली रजा घेतों.